लघवी गळते म्हणता, पण कुठली गळती?

सोलापुरी चादर भिजली की किती जड होते, हे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरातल्या बाईला विचारा. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या आत्या (सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात) पहाटे उठून आपली चादर आपणच धुवायला लागल्या. वय ७८, गुडघे धरलेले, आणि मोरीत पाटावर बसून चादर चुबकतायत. विचारलं तर म्हणाल्या, "चहा सांडला गं." चौथ्या दिवशीही चहाच सांडला होता.

मग एकेक उलगडत गेलं. आत्यांना कळ आली की मोरीपर्यंत पोचेस्तोवर दम निघायचा नाही. माहेरी अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दिवसभर थेंब थेंब गळायचं. आणि मला स्वतःला दुसऱ्या बाळंतपणापासून शिंक आली की ओलं व्हायचं, ते मी बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तिघांची तक्रार एकच, "लघवी गळते". उपाय मात्र तिघांचे तीन निघाले, आणि आत्यांची गोळी अण्णांना दिली असती तर अण्णांची लघवी पूर्ण तुंबली असती. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तीन माणसांना घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर बसताना जे कळलं आणि घरात करून पाहिलं, ते क्रमाने सांगते.

आधी तीन दिवस वही घाला

डॉक्टरकडे जायच्या आधीचं काम हे. पोरांची अर्धी उरलेली वही आणि मिलिलिटरच्या खुणा असलेलं एक प्लॅस्टिकचं भांडं घ्या. ते भांडं मोरीतच ठेवा, स्वयंपाकघरात परत येणार नाही अशी खूण करून. तीन दिवस, रात्रीसकट, पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, काय आणि किती प्यायलं, लघवी किती झाली, गळालं का, आणि गळालं तेव्हा काय चाललं होतं.

शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. आमच्या तीन वह्यांतली एकेक ओळ बघा.

माझी: सकाळी ७.१०, भरलेला हंडा उचलताना, चमचाभर.
आत्यांची: पहाटे ४.३०, नळाला पाणी आल्याचा आवाज, मोरीच्या दारातच साडी भिजली.
अण्णांची: दर पाऊण तासाला, ५० मिली, धार नाही, उठल्यावर परत थेंब.

दिवसरात्र मिळून मोठ्या माणसाला साधारण १ ते २ लीटर लघवी होते. तीन लीटरच्या पुढे गेली तर पहिली शंका साखरेची. मधुमेह वाढला की लघवी वाढते, आणि कित्येकांना मधुमेह असल्याचं असंच कळतं. दिवसा आठापेक्षा जास्त वेळा जावं लागतं पण दरवेळी १००-१५० मिलीच होते, तर मूत्राशय चिडखोर झालंय. एरवी त्यात तीन-चारशे मिली सहज मावते. आणि दिवसभराच्या लघवीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त रात्रीच होत असेल, तर दोष मूत्राशयाचा नसेलही. संध्याकाळी पायांवर सूज, हृदयाची तक्रार, जोराचं घोरणं यांनीही रात्रीची लघवी वाढते. हे वहीशिवाय कळत नाही. "रात्री लई वेळा उठावं लागतंय" एवढ्यावरून डॉक्टरनं काय ओळखावं?

आता गळतीचा प्रकार

नावं मी माझ्या सोयीनं ठेवली आहेत.

दाबाची गळती. खोकला, शिंक, हसू, जिना, हंडा उचलणं, उडी. पोटात दाब आला की थोडीशी निसटते, आधी कळ नसते. बाळंतपणं, वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठ आणि पाळी जाणं ही कारणं. मूत्राशय आणि गर्भपिशवी खालून तोलून धरणारे स्नायू सैल पडलेले असतात. पुरुषांना ही गळती सहसा प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) ऑपरेशननंतर होते.

कळेची गळती. अचानक जोराची कळ येते आणि थांबवता येत नाही. पाण्याचा आवाज, थंडी, दाराच्या कुलपात किल्ली घालणं, एवढ्यानंही सुटते. मूत्राशय भरायच्या आधीच आकसतं. लघवीत जंतुसंसर्ग, पक्षाघात, पार्किन्सन, मणक्याचे आजार यांतही असं होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही, तरी उपाय लागू पडतो.

तुंबून गळती. हिला लोक फसतात. लघवी जास्त होते म्हणून गळत नाही, बाहेर पडत नाही म्हणून गळते. टाकी भरली की वरून सांडावी तसं. पुरुषांत प्रोस्टेट वाढल्यामुळे, आणि जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा बधिर झाल्यामुळे. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, जोर करावा लागतो, करून उठलं तरी उरलंय असं वाटतं.

पोचता न आल्याची गळती. मूत्राशय ठीक, पण गुडघे, डोळे, अंधार, नाड्याची गाठ, दूरचा संडास यांनी घात होतो. स्मृतिभ्रंशात संडास कुठं हेच आठवत नाही. आत्यांचं निम्मं दुखणं हेच होतं.

यांची सरमिसळ होते. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत पहिले दोन एकत्र सर्रास दिसतात. तसं असेल तर जो जास्त छळतो त्याच्यापासून सुरुवात करायची.

आणि एक वेगळीच गळती: रात्रंदिवस, न थांबता, झोपेतसुद्धा. गर्भपिशवी काढल्यानंतर काही दिवसांत किंवा फार अडलेल्या बाळंतपणानंतर ही सुरू झाली, तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यात भोक पडलेलं असू शकतं. व्यायामानं ते बुजत नाही, ऑपरेशननं बुजतं. अशा बाईला "बाळंतपणात असं होतंच" म्हणून घरात बसवणं हा अन्याय आहे.

या खुणा दिसल्या तर वही बाजूला ठेवा

लघवीत रक्त, दुखत नसलं तरी. विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण तीच असते. थंडी वाजून ताप आणि कमरेत एका बाजूला दुखणं. लघवी पूर्ण बंद आणि ओटीपोट फुगलेलं. आणि कंबर दुखता दुखता अचानक लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद जाणं. या शेवटच्याला त्याच दिवशी, अगदी रात्री असली तरी, मोठ्या दवाखान्यात गाठायचं. मणक्यात नस दाबलेली असू शकते आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

दवाखान्यात काय सांगायचं, काय मागायचं

आधी घरचे नेहमीचे डॉक्टर चालतात. पुढे बायकांनी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, पुरुषांनी मूत्ररोगतज्ज्ञाकडे. तपासणी परवडत नसेल तर सिव्हिल, म्हणजे आपलं सोलापूरचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर जावं, आणि वही, जुने रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत न्यावीत.

"मॅडम, जरा बाथरूमचा प्रॉब्लेम आहे" असं म्हणू नका. मी तेच म्हणाले आणि मला पोट साफ व्हायचं चूर्ण मिळालं. सरळ म्हणा: "खोकलं की लघवी निसटते, दिवसातून चार वेळा, पॅड लावावा लागतो." बायकांनी अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का, तेही सांगावं.

पहिल्या तपासण्या साध्या असतात: लघवीची तपासणी, गरज पडली तर कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघायला), रक्तातली साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, पोटाची सोनोग्राफी. सोनोग्राफीत एक गोष्ट आग्रहानं मागा. पोट तटतटून भरेपर्यंत पाणी पाजून बसवतात ते ठीक, पण लघवी करून आल्यावर आत किती उरली ते पुन्हा मोजायला सांगा. अण्णांच्या पोटात लघवी करून आल्यावरही ३०० मिलीच्या वर उरली होती. हा एक आकडा कळेची आणि तुंबून गळती वेगळी करतो.

ऑपरेशनचा विषय निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

गोळ्यांची पिशवी उलटी करा

हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. आधीपासून चालू असलेल्या गोळ्या गळती वाढवतात, आणि गळतीवर आपण आणखी एक गोळी सुरू करतो.

रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या औषधात बऱ्याचदा लघवी वाढवणारी गोळी असते. ती संध्याकाळी घेतली तर रात्र मोरीतच जाते, म्हणून वेळ सकाळची करता येईल का विचारा. अॅम्लोडिपिननं पाय सुजतात, आणि आडवं झाल्यावर ते पाणी लघवीवाटे निघतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी (एनालाप्रिल, रॅमिप्रिल) कोरडा खोकला लागतो, आणि दाबाची गळती असणारीला खोकल्यासारखा शत्रू नाही. प्राझोसिननं बायकांची गळती वाढू शकते. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यानं लघवी वाढते आणि जागेवर खाजरी बुरशी येऊ शकते. झोपेच्या गोळीनं कळ आलेली कळतच नाही.

यातली एकही गोळी मनानं बंद करायची नाही. पाकिटं दाखवायची आणि विचारायचं, बस.

सर्दीची गोळी मात्र वेगळं प्रकरण. प्रोस्टेट वाढलेल्या माणसानं औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी मनानं घेऊ नये. अण्णांनी घेतली. रात्री लघवी बंद, पहाटे रिक्षातून दवाखाना, लघवीच्या वाटेनं नळी घातली तेव्हा लीटरभराच्या वर निघाली. पुढे त्याच वाटेनं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि "गळणं" गेलं. वर्षभर आम्ही त्यांना पाणी कमी प्या म्हणत होतो.

पाणी तोडू नका

आपल्याकडचा पहिला घरगुती उपाय हाच असतो. आत्या सकाळच्या चहानंतर दुपारपर्यंत घोटभर पाणी घ्यायच्या नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळायला बसणाऱ्या माझ्या ओळखीच्या बायका तर उठायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत.

पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, ती मूत्राशयाला टोचते आणि कळ वाढते. जंतुसंसर्ग होतो, मुतखड्याची भीती, बद्धकोष्ठ, आणि घट्ट मळ मागून मूत्राशयाला दाबतो. म्हणजे गळती थांबवायला पाणी तोडलं, त्यानंच गळती वाढली. त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे, म्हाताऱ्या माणसानं पाणी तोडलं तर चक्कर येऊन पडेल.

एरवी दिवसाला दीड-दोन लीटर, चहा-ताक-आमटी धरून. उन्हाळ्यात जास्त. मोजायचा कंटाळा असेल तर रंग बघा: फिकट पिवळी असली की पुरेसं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. एकदम तांब्याभर पिऊ नका, तासातासानं अर्धा पेला. झोपायच्या आधी दोन-तीन तास हात आखडता. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर उशीवर पाय ठेवून पडायचं, म्हणजे ते पाणी दिवसाच उतरतं.

चहा बंद करा म्हणणं सोपं. आत्यांचे पाच कप होते, दोनावर आणायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत घरात कुणी सुखानं राहिलं नाही. पण वहीतले आकडे उतरले. तिखटानंही काहींना कळ वाढते. शेंगाचटणी आठवडाभर सोडून बघावी, फरक नसेल तर परत खावी. ज्वारीची भाकरी मात्र सोडू नये, पोट साफ राहायला तिच्यासारखं दुसरं नाही.

खालचे स्नायू घट्ट करणं

दाबाच्या गळतीचा पहिला इलाज हाच, आणि कळेच्या गळतीतही कामाला येतो. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला म्हणून त्यांचं नाव पडलं. आपल्या योगातला मूलबंध याच्या जवळचा आहे.

स्नायू सापडणं हेच अवघड. चारचौघांत वारा सरकू नये म्हणून आपण जे आत ओढून धरतो, ते ओढा. बायकांनी त्याच वेळी लघवीची वाटही वर ओढल्यासारखी आवळायची. पोट, मांड्या, कुल्ले सैल राहिले पाहिजेत, आणि श्वास चालू. एक हात पोटावर ठेवा. पोट कडक झालं तर चुकतंय. भुवया वर गेल्या तरी चुकतंय, हे मला फिजिओथेरपिस्टनं हसत दाखवलं.

सुरुवात उताणं झोपून, गुडघे वर. आवळा, तीन सेकंद धरा, तितकाच वेळ सोडा. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. असं ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू धरायचा वेळ सहा, मग दहा सेकंदांवर न्या. शेवटी पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा. जमलं की बसून, मग उभ्यानं करा. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी करते, कुणाला कळत नाही.

चालू लघवी मधेच थांबवून व्यायाम करू नका. स्नायू सापडतो का हे बघायला एखाद्या वेळी ठीक, रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय मोडते.

दुसरी खुबी: शिंक येणार हे कळतं ना, त्याच्या क्षणभर आधी आवळायचं. हंडा उचलायच्या आधी आवळा, श्वास सोडत उचला, ठेवल्यावर सोडा. पाण्याच्या दिवशी मी दोन भरलेल्या हंड्यांऐवजी चार अर्ध्या बादल्या नेते. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

फरक यायला किमान तीन महिने. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना वाटतं की काही उपयोग नाही, आणि तिथंच सोडतात. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गळती बरीच कमी होते. विडी सुटली तर खोकलाही कमी होईल.

तीन महिन्यांनीही जमलं नाही तर पुढचे मार्ग आहेत: अंग बाहेर येत असेल तर योनीमार्गात बसवायचं रबरी कडं, पाळी गेलेल्यांना तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम, आणि मूत्रमार्गाला खालून पट्टीचा आधार देणारं ऑपरेशन.

कळेला थांबवायला शिकवणं

हे आत्यांचं. वहीवरून कळलं की त्या दर पाऊण तासाला जातात, "उगाच राहायला नको" म्हणून कळ नसतानाही. मूत्राशयाला थोड्यातच रिकामं व्हायची सवय लागली होती.

पहिला आठवडा घड्याळानं पाऊण तासालाच जायचं, कळ असो-नसो. मग एक तास. दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं वाढवत अडीच-तीन तासांवर आणायचं. किमान सहा आठवडे लागतात. मधे कळ आली तर धावायचं नाही, हेच गमक. धावलं की सुटतं. जिथं आहात तिथं थांबा किंवा बसा, खालचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा, मन दुसरीकडे न्या. आत्या अकरा वेळा सिद्धेश्वराचं नाव घेतात. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते. उतरली की सावकाश चालत जायचं.

यानं भागलं नाही तर गोळ्या आहेत. सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन या जातीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. मिराबेग्रॉननं तसं होत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. आणि वर म्हटलं ते पुन्हा: पोटात लघवी तुंबत असलेल्याला पहिल्या जातीची गोळी घातक. शेजारणीची गोळी शेजारणीलाच.

घरात बदल

पलंगापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी करा, रात्री लहान दिवा लावून ठेवा, भिंतीला धरायला कडी ठोका. नऊवारी किंवा परकराची नाडी रात्री नको, सैल गाऊन. पुरुषांच्या पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक. पुरुषांसाठी पलंगाखाली लघवीचं भांडं, बायकांसाठी पलंगाशेजारी कमोड खुर्ची. आत्यांनी महिनाभर त्या खुर्चीवर पांघरूण टाकून ठेवलं होतं, देवघर त्याच खोलीत म्हणून. शेवटी देवघर हललं. ६५ वर्षांच्या पुढच्या, उत्पन्न कमी असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा ३००० रुपये मिळण्याची तरतूद आहे, आणि तिच्या यादीत कमोड खुर्ची आहे. अर्ज समाजकल्याणच्या कार्यालयात.

विसरणाऱ्या माणसाला "जायचंय का?" विचारू नका, नाहीच म्हणतात. दर दोन तासांनी "चला" म्हणा. आणि कुणासमोर काही बोलू नका. नातवंडांसमोर तर नाहीच.

पॅड, डायपर आणि कातडी

डायपर पहिला उपाय नव्हे. चालत्या माणसाला दिवसभर डायपर घातला की तो मोरीत जायचं सोडतो. थोडी गळती असेल तर लघवीसाठीचे पॅड मिळतात. पाळीचे पॅड पातळ लघवी तेवढ्या वेगानं शोषत नाहीत. घरी करायचं तर सोलापुरात टर्किश टॉवेलला तोटा नाही: टॉवेल कापून चार पदरी शिवून घ्या. चालत्या माणसाला चड्डीसारखा डायपर, अंथरुणाला खिळलेल्याला पट्ट्या चिकटवायचा. माप कमरेचं घ्या, मोठा घेतला की मांडीतून गळतो. चादर वाचवायची असेल तर वर अंडरपॅड टाका, आणि गादीवर मेणकापड.

दिवसा चार-सहा तासांनी बदला, शी झाली तर लगेच. कोमट पाण्यानं धुऊन टिपून कोरडं करा, घासू नका. मग पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ. जाड थापलं तर पॅड शोषत नाही. पावडर नको, तिचे गोळे होतात. लाल कातडीभोवती बारीक पुरळ आणि खाज दिसली तर बुरशी, ती दाखवा. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला.

ओले कपडे आधी साध्या गार पाण्यात खळबळा, मग साबण, मग ऊन. लघवीच्या कपड्यांवर थेट ब्लीचिंग पावडर टाकू नका, नाकातोंडाला झोंबणारा घातक वायू निघतो. वापरलेला डायपर आधी शी संडासात टाकून, गुंडाळून, कागदात बांधून घंटागाडीत वेगळा द्या.

शी निसटत असेल तर एक आधी तपासा. वयस्क माणसाला पातळ पातळ लागतंय आणि पोट फुगलेलं आहे, तर आत घट्ट मळ अडकून त्याच्या कडेनं पाणी येत असेल. तिथे जुलाब बांधायची गोळी दिली की प्रकरण बिघडतं.

लघवीची नळी घातलेली असेल तर तिची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. नळीला पीळ पडलाय का ते बघत राहा. रोज साबण-पाण्यानं जागा धुवा, आणि नळी कधी बदलायची ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बाहेर पडताना

तुळजापूर, अक्कलकोटला एसटीनं तासा-सव्वा तासात होतं, निघायच्या आधी दोनदा जाऊन आलं की निभतं. पुण्याला मात्र बसपेक्षा हुतात्मा एक्सप्रेस बरी, डब्यात संडास असतो. जागा मधल्या वाटेच्या कडेची घ्या. पिशवीत एक जादा पॅड, सुती चड्डी, ओलं ठेवायला जाड प्लॅस्टिकची पिशवी, छोटा टॉवेल, पाण्याची बाटली. गडद किंवा बारीक नक्षीची साडी, ओलं झालं तरी दिसत नाही. उतरल्या उतरल्या पहिलं काम संडास कुठं ते बघणं.

यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी आत्या चार वर्षांनी सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला आल्या. गर्दीत मधे न जाता कडेला उभ्या राहिलो, अर्ध्या तासाच्या अंतरानं दोनदा कळ आली, दोन्ही वेळा त्या माझा दंड धरून, डोळे मिटून अकरापर्यंत मोजत थांबल्या. सोहळा होतो त्या संमती कट्ट्याकडे अक्षता उडाल्या तेव्हा त्यांनीही उडवल्या. पिशवीतली जादा साडी घडीसकट घरी परत आली.